जॉनी कॅशने कुणाचाही खून केला नव्हता, आणि त्याचं व्यसन नुसत्या प्रेमाने सुटलं नव्हतं

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. वर काळ्या कपड्यांतल्या, गिटार धरलेल्या गोऱ्या माणसाचा फोटो, मथळा 'खुनी कैदी ते जगप्रसिद्ध गायक', आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या जॉनी कॅश नावाच्या तरुणाने रिनो गावात केवळ गंमत म्हणून एका माणसाला गोळी घातली. जन्मठेप झाली. फॉलसम तुरुंगात एका शिपायाने त्याला गिटार दिली, त्याचं गाणं ऐकून जेलर रडला आणि शिक्षा माफ झाली. केल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून त्याने जन्मभर काळे कपडे घातले. पुढे त्याला गोळ्यांचं व्यसन लागलं, डॉक्टरांनी हात टेकले, तो मरायला एका गुहेत शिरला, तिथे देव भेटला. पत्नी जूनने त्याला महिनाभर खोलीत कोंडलं, सगळी औषधं फेकली, प्रेमाने आणि प्रार्थनेने बरं केलं. त्यानंतर त्याने गोळीला कधी हात लावला नाही. ती वारल्यावर तिच्यासाठी 'हर्ट' हे शेवटचं गाणं लिहिलं आणि आठवड्यात प्राण सोडला. स्टालिन मेल्याची बातमी जगात सर्वात आधी यालाच कळली, असंही मध्येच घुसडलेलं आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'माणूस औषधाने नाही, प्रेमाने बरा होतो. किमान दहा जणांना पाठवा.'

एरवी असले मेसेज मी न वाचता उडवतो. पण हा मला कराडच्या मामीने पाठवला. माझा मामेभाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय, त्याच्या गोळ्या चालू आहेत, आठवड्याची मीटिंग चालू आहे, आणि गाडी जेमतेम रुळावर आहे. मेसेजच्या मागोमाग मामीचा फोन. "बघ की, एवढा खुनी माणूस बायकोच्या मायेनं सुधारला. मग आमच्या पोराला ह्या गोळ्या न् मीटिंगा कशाला? घरातच ठेवते की त्याला, देवाचं काय ते करू." आता हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खून. जॉनी कॅशने खून केला नव्हता. रिनोमध्ये नाही, कुठेच नाही. रिनोत एका माणसाला केवळ तो मरताना पाहायला म्हणून गोळी घातली, अशा अर्थाची एक ओळ त्याच्या 'फॉलसम प्रिझन ब्लूज' या गाण्यात आहे. गाणं एका कैद्याच्या तोंडी आहे, एवढंच. कुणी कुणाला मारण्याचं सर्वात वाईट कारण काय असू शकेल, याचा विचार करत आपण कागद-पेन घेऊन बसलो होतो आणि हे सुचलं, असं त्याने स्वतः सांगून ठेवलंय. आपल्याकडे निळू फुल्यांना पडद्यावर पाहून बाया खरोखर बोटं मोडायच्या, आणि तो माणूस प्रत्यक्षात सेवादलातला साधा कार्यकर्ता. तसलाच हा प्रकार.

शिवाय रिनो आहे नेवाडा राज्यात आणि फॉलसम तुरुंग कॅलिफोर्नियात. नेवाडात केलेल्या खुनाची शिक्षा माणूस कॅलिफोर्नियात कशाला भोगेल? गाण्यात हे चालतं, कारण गाण्याला कोर्ट विचारत नाही. चरित्र म्हणून खपवायला निघालात तर निदान नकाशा उघडायचा.

आणि वेळ कुठे होता? कॅशचा जन्म १९३२ चा, आर्कान्सामधल्या किंग्जलँडचा. तीन वर्षांचा असताना कुटुंब डायेस नावाच्या वसाहतीत गेलं. मंदीत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने वसवलेली ही वसाहत. यांच्या वाट्याला वीस एकर आले आणि त्यात कापूस. १९५० मध्ये, अठराव्या वर्षी, पोरगा हवाई दलात भरती झाला. आईवडिलांनी नाव ठेवलं होतं नुसतं जे. आर.; हवाई दलाला नुसती आद्याक्षरं चालेनात म्हणून तो जॉन झाला. पश्चिम जर्मनीत लँड्सबर्गच्या तळावर रशियन लष्कराचे मोर्स संदेश टिपण्याचं काम केलं. जुलै १९५४ मध्ये सन्मानाने सुटला, ऑगस्टमध्ये व्हिव्हियन लिबर्टोशी लग्न केलं, मेम्फिसला दारोदार घरगुती उपकरणं विकत फिरला आणि १९५५ मध्ये सन रेकॉर्ड्स या कंपनीच्या सॅम फिलिप्सने त्याची पहिली रेकॉर्ड काढली. साथीला दोघे गॅरेजमधले मेकॅनिक, ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट. या सगळ्यात जन्मठेप बसवायची कुठे?

फॉलसम त्याला ठाऊक झालं ते सिनेमातून. जर्मनीत असताना त्या तुरुंगावरचा एक चित्रपट त्याने पाहिला आणि गाणं लिहिलं. गुन्हाच काढायचा असेल तर एक काढता येतो: चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या आधीच्या गाण्यातून उचललेले होते, आणि पुढे त्याबद्दल कॅशला सुमारे ७५ हजार डॉलर मोजावे लागले.

'तुरुंगातलं गाणं' झालं ते १३ जानेवारी १९६८ रोजी. तेव्हा कॅश कैदी नव्हता, बाहेरून आलेला प्रसिद्ध गायक होता. फॉलसमच्या जेवणघरात दोन कार्यक्रम झाले, ते ध्वनिमुद्रित झाले आणि त्याची रेकॉर्ड जगभर गाजली. त्या रेकॉर्डवर रिनोची ओळ येताच कैदी आरडाओरडा करून दाद देतात. ऐकताना अंगावर काटा येतो. तो आरडाओरडा नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे. मूळ टेप तपासलेल्या अभ्यासकाने हे दाखवून दिलंय. पहारेकरी डोक्यावर उभे असताना खुनाच्या ओळीवर टाळ्या पिटण्याइतके ते कैदी खुळे नव्हते. त्यामुळे 'ऐका, कैदी आपल्या साथीदाराला कसे निरोप देतायत' असं लिहून फिरणारी क्लिप बघितली की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

आता कबूल करायचं ते करतो. कॅशने तुरुंगवास भोगला नाही, पण कोठडी पाहिली. सातेक वेळा त्याला पकडलं गेलं आणि दरवेळी तो एखादी रात्र काढून बाहेर आला. मे १९६५ मध्ये मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलला रात्री लोकांच्या बागेत शिरून फुलं तोडताना धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरून येताना एल पासोला अडवलं, तर गिटारच्या पेटीत उत्तेजक डेक्सेड्रिनच्या ६८८ कॅप्सूल आणि गुंगी आणणाऱ्या इक्वॅनिलच्या ४७५ गोळ्या. एक झोप उडवायला, दुसरी आणायला. शिक्षा स्थगित झाली, दंड भरून सुटला. मधल्या काळात त्याच्या गाडीमुळे कॅलिफोर्नियात राखीव जंगल पेटलं, पाचशेवर एकर जळालं आणि सरकारने त्याच्यावर दावा लावला, ते आणखी वेगळं. तर हो, साधुपुरुष नव्हता. फॉलसमच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यानेच लिहिलंय की आपण काही वेळा गजाआड गेलोय, कधी आपल्या मर्जीने, कधी मर्जीविरुद्ध. असली वाक्यं लिहून तो स्वतःची दंतकथा फुगवत होता, हेही खरं. धंद्याला बरं पडत होतं.

पण फॉरवर्डमधली गोष्ट एका माणसाच्या बाबतीत जवळपास खरी आहे, आणि त्याचं नाव मर्ल हॅगर्ड. हाही कंट्री संगीतातला, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यातला, फार मोठा गायक. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ वाढला. रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर केलेलं, त्यात लहानपण गेलं. लहानपणापासून पळून जाणं, चोऱ्या, सुधारगृहं. १९५७ मध्ये एका हॉटेलवर डल्ला मारताना पकडला गेला आणि सॅन क्वेंटिन तुरुंगात पडला. तिथे कार्यक्रम करायला आलेला पाहुणा गायक होता जॉनी कॅश, आणि समोर कैद्यांत बसून ऐकत होता हॅगर्ड. १९६० मध्ये पॅरोलवर सुटला, गायक झाला, आणि १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला रीतसर माफी दिली. आपण तुरुंगात होतो हे तो आधी लपवायचा. उघडपणे सांग, असा आग्रह कॅशने त्याला केला. म्हणजे कैदी हॅगर्ड, पाहुणा कॅश, आणि फॉरवर्डवाल्याने दोघांचा काला करून वर खून टाकला. खरी गोष्ट जास्त चांगली आहे. पण तिच्यात जेलर रडत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गोळ्या.

कॅश त्याच्या व्यसनाबद्दल लपवून ठेवणाऱ्यांतला नव्हता. १९९७ मध्ये पॅट्रिक कार यांच्यासोबत लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने यावर पानंच्या पानं लिहिलीत. मी मुख्यतः त्याच्यावर विसंबतो, कारण 'पुन्हा कधी हात लावला नाही' हे खोडून काढायला खुद्द त्या माणसाच्या शब्दांपेक्षा मोठा पुरावा कुठला आणणार? सुरुवात झाली १९५७ च्या सुमारास, दौऱ्यावर रात्ररात्र गाडी हाकताना जागं राहायला. दहा वर्षांत संसार मोडला. व्हिव्हियन आणि चार मुली मागे राहिल्या. (फॉरवर्डमध्ये व्हिव्हियन नाहीच. पहिली बायको असली की प्रेमकथेत अडचण होते.)

१९६७ च्या शरदात नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिलच्या तळ्याकाठच्या घरात तो गोळ्या सोडायला बसला. जून कार्टर तिथे होती हे खरं. तिचे आईवडील, मेबेल आणि एझ्रा कार्टर, घरात ठाण मांडून होते, हेही खरं. त्यांनी माया केली, जेवू घातलं, गोळ्या पुरवणाऱ्यांना दारातून हाकललं. पण त्या घरात रोज आणखी एक माणूस यायचा, आणि तो फॉरवर्डमधून गायब आहे: डॉ. नॅट विन्स्टन, मानसोपचारतज्ज्ञ, टेनेसी राज्याच्या मानसिक आरोग्य खात्याचे आयुक्त. डॉक्टरांनी हात टेकले म्हणे! डॉक्टर रोज दारात गाडी लावत होता.

गुहेचं काय? ही गोष्ट फॉरवर्डवाल्याने रचलेली नाही, कॅशनेच सांगितलीय. टेनेसीतल्या निकाजॅक गुहेत मरायला म्हणून रांगत शिरलो, बॅटरी विझली, अंधारात पडून राहिलो आणि देवाने आपल्याला अजून न्यायचं नाही हे जाणवलं, अशी. ज्या आत्मचरित्रावर मी विसंबतोय त्यातच ती आहे, तेव्हा माझी जरा पंचाईत होते. पण रॉबर्ट हिलबर्न, जो फॉलसमच्या त्या कार्यक्रमाला पत्रकार म्हणून हजर होता आणि ज्याने पुढे कॅशचं जाडजूड चरित्र लिहिलं, त्याला ही गोष्ट पटलेली नाही. धरणाच्या पाण्यामुळे त्या सुमारास गुहेत तसं शिरणंच अवघड होतं. वर्षानुवर्षं सोबत असलेला मार्शल ग्रँटही यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि समजा, खरी धरली. तरी गुहेतून बाहेर आल्यावर तो गेला कुठे? डॉक्टरकडेच.

१ मार्च १९६८ ला जूनशी लग्न झालं. त्यांच्यावरचा २००५ चा चित्रपट जूनने होकार दिल्यावर संपतो, आणि बहुतेकांच्या डोक्यातलं चरित्रही तिथेच संपतं. तिथून पुढे कॅश पस्तीस वर्षं जगला. १९७० मध्ये मुलगा झाला, त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. ते दशक संपेपर्यंत गोळ्या परत आल्या होत्या. जून घरातच होती. प्रेम कमी पडलं होतं का? प्रार्थना कमी होत्या? दोघंही देवाचं करणारी माणसं, चर्च सोडलं नव्हतं.

मग १९८१. त्याने घराजवळ परदेशी प्राण्यांचा बाग ठेवला होता, त्यातल्या वॉल्डो नावाच्या शहामृगाने त्याला लाथ घातली. (हे मी रचत नाहीये, तोच सांगतो.) बरगड्या मोडल्या, पोट पट्ट्यापर्यंत फाटलं, पट्ट्याचं भक्कम बक्कल मध्ये आलं म्हणून आतडी बाहेर आली नाहीत. दुखण्यावर वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. बरगड्या जुळल्या, गोळ्या राहिल्या. १९८३ मध्ये पोटात रक्तस्राव होऊन नॅशव्हिलला ऑपरेशन झालं, तर या गृहस्थाने जखमेवरच्या पट्टीखाली व्हॅलियम या गुंगीच्या गोळ्यांचं पाकीट लपवून ठेवलं. डॉक्टरांना कळेना, हा शुद्धीवर का येत नाही. पट्टी काढल्यावर दिसलं, त्यातल्या निम्म्या गोळ्या थेट उघड्या जखमेत विरघळल्या होत्या.

मामी, हे पुन्हा वाच. नुकत्याच फाडलेल्या पोटाच्या जखमेत माणूस गोळ्या दडवतो. बायको उशाशी. पंधरा वर्षांचा संसार, पोटचा पोरगा, हवी तेवढी माया, पैशाला तोटा नाही. ही खोलीला कडी लावून निस्तरायची गोष्ट आहे का?

प्रेमाने काम केलं, पण कसं केलं ते बघ. घरचे, मित्र, सगळे हॉस्पिटलच्या खोलीत जमले. प्रत्येकाने पत्र लिहून आणलं होतं आणि एकेकाने ते त्याच्यासमोर वाचलं. तेरा वर्षांच्या मुलानेही वाचलं, बापामुळे आपल्याला मित्रांसमोर कशी मान खाली घालावी लागली ते. बरोबर डॉक्टर होता. त्या सगळ्या पत्रांचं मागणं एकच होतं: उपचार घे. तो कॅलिफोर्नियातल्या बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. आणि तिथून आल्यावरही संपलं नाही. पुढच्या वर्षांत पुन्हा घसरला, पुन्हा दाखल झाला, पुन्हा उभा राहिला. आपण कायमचे मोकळे झालो, असा दावा त्याने केलेला नाही. त्याच्या नावावर तो दावा खपवणारे दुसरेच.

वर खोलीत कोंडून एकदम सगळं बंद करणं. गुंगीच्या गोळ्या किंवा रोजची भरपूर दारू अशी अचानक तोडली तर फिट्स येऊ शकतात, माणूस जाऊ शकतो. म्हणून तर ते डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू उतरवतात. आणि मामेभावाच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या त्याच्या डॉक्टरने दिलेल्या आहेत. त्या नशेच्या गोळ्या नव्हेत. हा फरक न सांगता 'औषधं फेकून दिली' असं लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

गाणं आणि माया यांनी माणूस तरतो का, याचा एक दाखला कॅशच्याच आयुष्यात आहे. फॉलसमच्या त्या कार्यक्रमात त्याने एक भक्तिगीत म्हटलं, ते लिहिलं होतं ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याने. आदल्या रात्री कॅशच्या हाती टेप आली, दुसऱ्या दिवशी त्याने ते गायलं आणि शर्ली समोर बसून ऐकत होता. पुढे कॅशने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली. १९७१ मध्ये तो सुटला, तेव्हा घ्यायला कॅश स्वतः गेला. काम दिलं, मंचावर उभं केलं. १९७२ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंग सुधारणांवर साक्ष द्यायला गेला, तेव्हाही सोबत नेलं. शर्लीला बाहेरचं जग झेपलं नाही. नशा, संताप, शेवटी कॅशच्या मंडळींना त्याला दूर करावं लागलं. १९७८ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. हा भाग कुणी दहा जणांना पाठवत नाही.

उरलेलं पटापट.

काळे कपडे: सुरुवातीला तिघा वादकांकडे एकसारखे दिसतील असे शर्ट फक्त काळेच होते, म्हणून. १९७१ मध्ये त्याने त्यावर गाणं केलं आणि गरिबांसाठी, कैद्यांसाठी काळं घालतो असा अर्थ त्याला दिला. प्रायश्चित्त नव्हे. दुःखच शोधायचं तर ते १९४४ मध्ये आहे. थोरला भाऊ जॅक, चौदा वर्षांचा, करवतीच्या मशीनवर काम करताना पोटावर कापला गेला आणि आठवड्याभरात गेला. जे. आर. बारा वर्षांचा, त्या दिवशी तो मासे धरायला गेला होता. पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं घर, आईसकट, कापसाच्या रानात. हे ओझं त्याने मरेपर्यंत वागवलं. त्याच्यापुढे रिनोचा खोटा खून काय घेऊन बसलात.

'हर्ट': त्याने लिहिलं नाही. ते ट्रेंट रेझ्नरचं, नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं, १९९४ चं गाणं. कॅशने गायलेलं २००२ मध्ये आलं आणि त्याच्या व्हिडिओत जून जिवंत, त्याच्या मागे उभी राहून बघताना दिसते. ज्या बाईच्या मरणावर गाणं लिहिलं म्हणता, ती त्याच गाण्याच्या व्हिडिओत! ती गेली १५ मे २००३ ला, तो १२ सप्टेंबरला, मधुमेहाच्या गुंतागुंतीने. मध्ये जवळपास चार महिने, आणि त्यातही तो जमेल तसा रेकॉर्डिंग करत होता.

स्टालिन: त्याची मृत्युवार्ता पकडणारा पहिला अमेरिकन मीच, असं कॅश सांगायचा. मार्च १९५३ मध्ये तो लँड्सबर्गला त्याच कामावर होता, तेव्हा अगदीच बाता म्हणता येत नाही. पण टिपणाऱ्याचं काम कानावर पडेल ते ठिपके-रेघा उतरवून पुढे देणं; अर्थ लावणारे वेगळे. 'पहिला' याला त्याच्या शब्दाखेरीज आधार नाही, आणि तो शब्द रात्री गप्पांना बसलेल्या शाहिराचा आहे.